गाव ओस पडलं, नाव कवितेत राहिलं

रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनीड’ या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात ट्रॉयचा वीर एनियास पाताळात उतरतो. ट्रॉय जळून गेलेलं, सात समुद्र पालथे घालून तो इटलीला लागलेला, आणि पाताळात त्याला त्याचा मेलेला बाप, अँकायसिस, भेटतो. बाप त्याला उंचवट्यावर नेऊन अजून जन्माला यायच्या वंशजांची रांग दाखवतो. हे पुढे कोणकोणती गावं वसवतील ते सांगताना तो नावं घेत सुटतो: नोमेंटम, गाबिई, फिदेना, कोलातिया, पोमेतिया, कास्त्रुम इनुई, बोला, कोरा. आणि मग ही ओळ येते: ‘हाइक तुम नोमिना एरुंत, नुंक सुंत सिने नोमिने तेर्राए.’ ही तेव्हा नावं असतील, आज मात्र या बिननावाच्या जमिनी आहेत.

ओळ साधी वाटते. बाप भविष्य सांगतोय, त्यामुळे त्याच्या ‘आज’ला ही गावं वसलेलीच नाहीत. पण व्हर्जिलनं हे लिहिलं इ.स.पू. पहिल्या शतकाच्या शेवटी, आणि तेव्हाच्या रोमन वाचकाला हेही ठाऊक होतं की यातली बरीच गावं बसली, नांदली आणि उठूनही गेली. बोला गेलं होतं, पोमेतिया गेलं होतं, गाबिई आणि फिदेने (यादीतलं फिदेना) ही ओस गावांची ठरलेली उदाहरणं झाली होती. अँकायसिसच्या ‘आज’ला त्या जमिनींना नाव नव्हतं आणि वाचकाच्या ‘आज’ला त्यातल्या अनेकींकडे नावाशिवाय काही उरलं नव्हतं. मधली सगळी शतकं कवीनं एका ओळीच्या पोटात घातली आहेत.

म्हणून लॅटिन साहित्यात गावाचं नाव आलं की मी आधी एकच गोष्ट तपासतो: ही ओळ लिहिली जात होती तेव्हा ते गाव नांदतं होतं का? उत्तर ‘नाही’ किंवा ‘जेमतेम’ असं आलं, तर ते नाव तिथं पत्ता सांगायला आलेलं नसतं. त्याचं काम दुसरंच असतं.

ही गावं गेली कुठं, ते थोडक्यात. टायबर नदीच्या दक्षिणेला, आल्बान टेकड्यांपासून समुद्रापर्यंतचा सपाट-डोंगराळ मुलूख म्हणजे लातियम. लॅटिन भाषेचं नाव याच मुलखावरून पडलं. इथं टेकडीटेकडीवर तटबंदीची छोटी गावं होती, प्रत्येकाचं आपापलं दैवत, आपापली पंचायत. रोम त्यांतलंच एक. पुढे रोमनं एकेकाला गिळलं. काहींशी लढाई झाली, काहींशी करार झाले, आणि इ.स.पू. 338 मध्ये लॅटिन गावांचा संघच मोडीत निघाला. त्यानंतर फार थोडी गावं आगीत गेली. बाकीची माणसं हळूहळू रोमला गेली, जमिनी मोठ्या मळेवाल्यांच्या झाल्या. मोठ्या शहराच्या पंधरा-वीस किलोमीटरच्या आत असणं हेच या गावांना भोवलं.

सगळ्यांची आई मानलेल्या आल्बा लोंगाचा शेवट मात्र रोमन इतिहासकार लिव्हीनं लढाईसारखा रंगवला आहे. राजा तुल्लुस होस्तिलियसनं रहिवाशांना रोमला हलवलं आणि चारशे वर्षांचं गाव एका तासात जमीनदोस्त झालं, फक्त देवळं ठेवली, असं तो लिहितो. माणसं उंबऱ्याशी उभी राहतात, घरात एक फेरी मारतात, पुन्हा बाहेर येतात, असं त्याचं वर्णन आहे. पुरातत्त्व एवढं नाट्य देत नाही. आल्बानो तळ्याच्या काठानं विखुरलेल्या वस्त्यांचे अवशेष मिळतात, पण एका तासात पाडता येईल असं एकसंध शहर काही हाती लागलेलं नाही.

थोरल्या प्लिनीनं इ.स. 77 च्या सुमारास ‘नॅचरल हिस्टरी’ हा आपला ज्ञानकोश लिहिला, त्याच्या तिसऱ्या खंडात या मुलखाची नोंद आहे. जुन्या लातियममधले 53 लोकसमूह ‘माग न ठेवता नाहीसे झाले’ असं तो म्हणतो आणि त्यांची यादी देतो. त्यातला एक मोठा भाग आल्बान डोंगरावर ‘मांस घेणाऱ्यां’चा आहे. दरवर्षी या डोंगरावर ज्युपिटरचा लॅटिन सण व्हायचा, पांढरा बैल बळी दिला जायचा आणि लातियममधल्या प्रत्येक गावाला मांसाचा वाटा मिळायचा. आपल्याकडे गावजत्रेत मानाचा वाटा ठरलेला असतो, तसाच हा मान. वाटा घेणं म्हणजे ‘आम्ही आहोत’ असं चारचौघांत सांगणं. यादीतली नावं वाचताना जीभ अडखळते: आकिएन्सेस, बुबेतानी, क्वेर्क्वेतुलानी, तोलेरिएन्सेस, विमितेल्लारी. यातल्या बहुतेकांबद्दल एवढीच माहिती आहे की ते कधीकाळी वाटा घ्यायला येत.

हा वाटा रोमन वक्ता सिसेरोच्या एका भाषणातही येतो, आणि तिथं तो टोमण्यासारखा आहे. इ.स.पू. 54 मध्ये प्लांकियसच्या बचावाचं भाषण करताना तो म्हणतो की आपल्या अशिलाच्या मागं त्याचं भरल्या वस्तीचं गाव उभं होतं. उलट फिर्यादीला तो विचारतो, तुझ्या शेजारी कोण, तर लाबिकी, गाबिई, बोव्हिल्ले, जिथं लॅटिन सणाचं मांस घ्यायला पाठवायलाही आता माणूस जेमतेम मिळतो. कोर्टात हशा पिकला असणार. निवडणुकीत मतं मोजायची असतात, आणि या गावांकडे फक्त मान शिल्लक होता.

गाबिईवर जरा थांबू, कारण या एका नावावर लॅटिन लेखकांनी जेवढं ओझं टाकलं तेवढं क्वचितच कुणावर टाकलं असेल. रोमपासून बारा रोमन मैलांवर, म्हणजे सुमारे 18 किलोमीटरवर, एका तळ्याच्या कडेला हे गाव होतं. तळं आता आटवलेलं आहे. लिव्हीच्या इतिहासात ते कपटानं जिंकलं जातं. रोमचा शेवटचा राजा तार्क्विनियस सुपर्बुस याचा मुलगा सेक्स्तुस, बापाशी भांडण झाल्याचं सोंग करून गाबिईत आसरा घेतो, तिथं सगळ्यांचा विश्वास कमावतो आणि ‘आता पुढं काय करू’ असं विचारायला बापाकडे माणूस पाठवतो. बाप तोंडानं काहीच बोलत नाही. बागेत येरझारा घालत तो हातातल्या काठीनं खसखशीच्या उंच उंच झाडांची बोंडं उडवत राहतो. निरोप्या वैतागून परततो आणि ‘राजा काही बोललाच नाही’ म्हणून सांगतो. सेक्स्तुसला अर्थ कळतो. गाबिईतली बडी धेंडं एकेक करून संपतात आणि गाव आपोआप हाती येतं.

म्हणजे दंतकथेत गाबिई बलाढ्य आहे, सरळ लढाईत न हरणारं. पाचशे वर्षांनी कवी होरेसच्या एका पत्रकाव्यात तेच नाव ‘ओसाड’ला पर्याय म्हणून येतं. आशिया मायनरमधल्या लेबेदोस या मरगळलेल्या गावाबद्दल तो म्हणतो, ‘गाबिई आणि फिदेनेहूनही ओस.’ पुढे उपहासकवी ज्युव्हेनल सत्तेच्या हव्यासाची थट्टा करताना विचारतो: दरबारात चढून मग रस्त्यावरून फरफटत नेलं जाणं तुला हवं, की फिदेने-गाबिईत हुकूम चालवणं, उलुब्रेच्या रिकाम्या गल्ल्यांत ठिगळं लावलेल्या कपड्यांत फिरून कमी मापाची भांडी फोडणं? वजनमापं तपासणारा हा फाटका अधिकारी एका ओळीत उभा राहतो. उलुब्रे हे पोंतीन दलदलीच्या काठावरचं खेडं. सिसेरोचा मित्र त्रेबातियुस या गावाचा आश्रयदाता होता. त्याला लिहिलेल्या पत्रात सिसेरो चेष्टेनं सांगतो की मी उलुब्रेला आलो तर माझ्या सन्मानार्थ बेडकांची प्रचंड फौज बाहेर पडली.

पण होरेसचा पुरावा जपूनच वापरायला हवा. ज्या पत्रकाव्यांच्या संग्रहात गाबिई ‘ओस’ आहे, त्याच संग्रहात चार पत्रं पुढं गेलं की लोक गाबिईला चाललेले दिसतात. सम्राट ऑगस्टसचा वैद्य आंतोनियुस मुसा यानं थंड पाण्याच्या उपचाराचं खूळ काढलं होतं. गरम झऱ्यांची गावं त्यामुळे रुसली आणि डोकं-पोट धरून बसलेले रोगी क्लुसियम आणि गाबिईच्या गार झऱ्यांखाली जाऊन उभे राहू लागले. माणूसच नसलेल्या गावात एवढे रोगी कुणाच्या आश्रयाला जात होते? शिलालेख सांगतात की पुढे सम्राट हेड्रियनच्या काळातही गाबिईत सार्वजनिक बांधकामं झाली, तिथल्या सभागृहाला त्याच्या घराण्याचं नाव मिळालं. 1792 मध्ये गॅविन हॅमिल्टननं इथं खणलं तेव्हा निघालेले पुतळे शेवटी पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात पोचले, त्यातली ‘गाबिईची डायना’ प्रसिद्ध आहे. 2007 पासून अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकारानं इथं मोठं काम चालू आहे. गाव आक्रसलं हे खरं. कवितेतलं गाबिई मात्र त्याच्या खूप आधी मेलं होतं, कारण कवींना मेलेलं गाबिई हवं होतं.

फिदेनेचंही तसंच. इ.स. 27 मध्ये तिथं आतिलियुस नावाच्या एका मुक्त झालेल्या गुलामानं पैशाच्या लोभानं लाकडी प्रेक्षागार उभारलं, ना धड पाया, ना धड सांधे. तिबेरियस सम्राटाच्या राजवटीत रोममध्ये खेळ कमी व्हायचे, फिदेने जवळ, त्यामुळे झुंबड उडाली आणि सगळा डोलारा कोसळला. इतिहासकार टॅसिटस मेलेल्या आणि जायबंदी झालेल्यांचा आकडा 50,000 देतो, सुइटोनियस 20,000 हून अधिक मेले म्हणतो. गाव ‘ओस’ होतं, पण रोमच्या गर्दीला जवळ पडत होतं.

आता नावांच्या रूपाकडे. कवितेत कुठलं नाव येईल आणि कुठलं नाही, हे पुष्कळदा वृत्त ठरवतं. लॅटिन महाकाव्याचं वृत्त सहा गणांचं. प्रत्येक गण एकतर गुरु-लघु-लघु, म्हणजे आपला भगण, नाहीतर दोन गुरू. यमाताराजभानसलगं पाठ असलेल्याला लगेच कळेल की यात रगण बसणं शक्य नाही: गुरु-लघु-गुरु, एकटा लघु दोन गुरूंच्या मध्ये अडकलेला. आता रोमच्या दक्षिणेचं किनाऱ्यावरचं गाव ‘तार्राकीना’ घ्या. सुरुवातच रगणाची, म्हणजे या वृत्तात त्याला दार बंद. कवींनी मग त्याचं व्होल्स्की लोकांनी ठेवलेलं जुनं नाव वापरलं, आंक्सुर. होरेसला ‘लांबून चमकणाऱ्या पांढऱ्या खडकांवर बसलेलं आंक्सुर’ असं लिहिता आलं ते यामुळे. लिव्ही गद्यात लिहितो, त्याला ही अडचण नाही, म्हणून तो सरळ सांगतो: आंक्सुर म्हणजे आजचं तार्राकीने. बोलीत मेलेलं नाव कवितेनं केवळ मात्रांच्या सोयीसाठी जगवलं. व्हर्जिलनं फिदेनेचं काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. नाव एरवी अनेकवचनी आणि पहिलं अक्षर गुरु; त्यानं ते एकवचनी ‘फिदेना’ केलं आणि पहिलं अक्षर लघु करून ओळीत बसवलं. मोठ्या कवीला एवढी सूट.

ज्या नावाला पर्यायच नाही त्याचं काय? होरेसनं इ.स.पू. 37 च्या सुमारास रोमहून ब्रुंदिसियमपर्यंत प्रवास केला, वाटेत आश्रयदाता मायकेनास आणि व्हर्जिल येऊन मिळाले; या प्रवासाचं वर्णन त्याच्या पहिल्या उपहासकाव्यसंग्रहात आहे. खलाशी आणि लुच्चे खाणावळवाले यांनी गजबजलेलं फोरुम आप्पी, कालव्यावरची डास-बेडकांची रात्र, बेनेव्हेंटममध्ये यजमान पक्षी भाजताना घराला लागता लागता राहिलेली आग. पुढे ते ‘एका गावठाणात’ मुक्काम करतात, ज्याचं नाव पद्यात म्हणता येत नाही. होरेस म्हणतो, खुणांवरून मात्र ओळखणं सोपं: जगात सगळ्यात स्वस्त ते पाणी इथं विकत घ्यावं लागतं, पण भाकरी इतकी झकास की शहाणा वाटसरू पुढच्या वाटेला खांद्यावर बांधून नेतो, कारण पुढे कानुसियमची भाकरी कचकच लागते. हे गाव कुठलं यावर टीकाकार प्राचीन काळापासून वाद घालताहेत. जुन्या टीकेत एक्वुस तूतिकुस हे नाव आहे, पण ते वाटेवर बसत नाही म्हणून आधुनिक अभ्यासक दुसरी नावं सुचवतात. होरेसला हे कोडं घालताना मजा आली असणार यात मला शंका नाही. त्या सबंध कवितेत एवढं लक्षात राहणारं दुसरं गाव नाही, आणि नाव नसलेलं तेवढं एकच.

शकुन-अपशकुनानंही नावं बदलली. सामनाइट लोकांचं मालेव्हेंटम हे गाव. लॅटिन कानाला ‘माले’ म्हणजे वाईट, ‘व्हेंटम’ म्हणजे आलेलं. वाईट आगमन! मूळ नावाचा लॅटिनशी संबंधही नसावा, पण कानाला कोण समजावणार. इ.स.पू. 268 मध्ये रोमनांनी तिथं वसाहत बसवली तेव्हा ते बेनेव्हेंटम, म्हणजे ‘चांगलं आगमन’, करून टाकलं. आजचं बेनेव्हेंतो तेच. एड्रियाटिकच्या पलीकडच्या एपिदाम्नुसचं नावही ‘दाम्नुम’ म्हणजे नुकसान ऐकू येतं म्हणून रोमनांनी टाळलं आणि ते दिर्राकियुम झालं, आजच्या अल्बानियातलं दुर्रेस. प्लिनीनं दोन्ही नोंदी दिल्या आहेत. त्याच्या कितीतरी आधी, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर, विनोदी नाटककार प्लाउतुसनं या नावावर हशा वसूल केला होता: गावाचं नाव एपिदाम्नुस आहे कारण इथून कुणी ‘दाम्नुम’ झाल्याशिवाय जातच नाही.

आणि व्याकरण. लॅटिनमध्ये गावाच्या नावाआधी ‘मध्ये’, ‘कडे’ असे शब्दयोगी लागत नाहीत. देश, प्रांत, परिसर यांच्या नावाला लागतात. म्हणजे वस्तीला ‘गाव’ म्हणायचं की ‘ठिकाण’, हे वाक्यात उघडं पडतं. सिसेरोनं एका पत्रात अथेन्सच्या बंदराचं नाव, पिराइउस, ‘इन’ लावून लिहिलं. मित्र आत्तिकुसनं खोड काढली. सिसेरोनं उत्तर दिलं की मी ते गाव म्हणून लिहिलं नाही, जागा म्हणून लिहिलं, आणि वर तेरेन्सच्या नाटकाचा दाखला दिला. हे पत्र इ.स.पू. 50 च्या डिसेंबरातलं. सीझर आणि पॉम्पी यांच्यात यादवी पेटायला महिना राहिला होता आणि ही मंडळी एका ‘इन’वर पत्रापत्री करत होती. मला ती म्हणूनच आवडतात.

नावांच्या उगमाच्या कथा लॅटिन लेखकांना फार प्रिय. रोमन पंडित व्हारो सांगतो की लाव्हिनियम हे एनियासच्या बायकोच्या, लाव्हिनियाच्या नावावरून, तर तीस वर्षांनी वसलेलं आल्बा पांढऱ्या डुकरिणीवरून, जिला तीस पिल्लं झाली होती. ‘लोंगा’ हे विशेषण गाव डोंगराच्या कण्यावर लांबट पसरलं म्हणून, हे लिव्हीचं. व्युत्पत्ती म्हणून हे सगळं संशयास्पद आहे, पण राजकारण म्हणून पक्कं आहे: प्रत्येक कथा ट्रॉयपासून रोमपर्यंत वंशावळ ओढून आणते.

या कथांमध्ये आर्देआची सर्वांत चटका लावणारी. ‘आर्देआ’ म्हणजे बगळा. कवी ओव्हिड सांगतो की एनियासचा शत्रू तुर्नुस याचं हे नगर जळालं तेव्हा राखेतून पंख झाडत एक पक्षी उडाला, किडकिडीत, फिकट, जिंकलेल्या नगराला शोभेलसा, आणि त्यानं नगराचं नाव घेतलं. व्हर्जिल तिथं पक्ष्याला फाटाच देतो. त्याच्या दोन ओळींत आर्देआ हे आजही मोठं नाव आहे, ‘सेद फोर्तूना फुइत’, पण दैव होतं ते होतं. ‘फुइत’ हा साधा भूतकाळ तिथं सुरीसारखा लागतो. गंमत अशी की आर्देआ आजही रोमच्या दक्षिणेला त्याच नावानं नांदतंय.

याच महाकाव्यात व्हर्जिल तीन नावांना अमरत्वाचं वचन देतो, आणि तिन्ही माणसांची आहेत. एनियासचा सुकाणूवाला पालिनुरुस समुद्रात पडून मरतो, त्याच्या जागेला ‘कायमचं पालिनुरुस नाव राहील’. तुतारीवाला मिसेनुस मरतो, त्याच्या थडग्याचा डोंगर ‘शतकानुशतकं त्याचं नाव धरून राहील’. दाई कायेता मरते, आणि सातव्या सर्गाची सुरुवातच तिला हाक मारून होते. आज नकाशा उघडला तर पालिनुरो भूशिर, मिसेनो भूशिर आणि गाएता बंदर जागच्या जागी आहेत. नावं तशी व्हर्जिलच्या आधीपासूनची. त्यानं त्यांना माणसं जोडली, किंवा जोडलेली उचलली. पण फरक लक्षात घ्या. भूशिराला आणि बंदराला खलाशी नाव घेऊन ओळखतात, त्यांना उठून जाता येत नाही. टेकडीवरच्या गावाचं नाव घेणारी माणसंच उठून गेली की ते नाव कुणी घ्यायचं?

वेईचं उदाहरण याहून मोठं आहे. टायबरपलीकडचं हे श्रीमंत एट्रुस्कन नगर रोमपासून जेमतेम 16 किलोमीटरवर. परंपरेनुसार दहा वर्षांच्या वेढ्यानंतर, इ.स.पू. 396 मध्ये, रोमन सेनापती कामिल्लुसनं ते घेतलं. थोड्याच वर्षांत गॉल लोकांनी रोम जाळलं, तेव्हा रोमन जनतेनं सरळ विचार मांडला की राखेत घरं बांधण्यापेक्षा वेईला जाऊन राहू, तिथं घरं तयार आहेत. कामिल्लुसनं लांबलचक भाषण करून विरोध केला, पण लिव्हीच्या गोष्टीत निकाल लागतो तो रस्त्यावरून येणाऱ्या एका तुकडीनायकामुळे. तो सहज आपल्या निशाणवाल्याला हुकूम सोडतो: ‘निशाण रोव, इथंच आपण झकास राहू.’ सभागृहानं तो शकुन मानला. कवी प्रोपर्टियस ऑगस्टसच्या काळात त्या वेईला उद्देशून म्हणतो, तुमचंही एक राज्य होतं, तुमच्या चौकात सोन्याची खुर्ची मांडलेली असे. आता तटाच्या आत आळसावलेल्या मेंढपाळाचं शिंग वाजतं आणि तुमच्या हाडांवर पीक कापलं जातं. नीरोनं रोममध्ये अवाढव्य महाल बांधायला घेतला तेव्हा गावात एक द्विपदी फिरत होती, सुइटोनियसनं ती टिपून ठेवली: रोम आता एक घर होणार, नागरिकहो, वेईला चला, ते घर वेईपर्यंत पोचलं नसेल तर. साडेचारशे वर्षांपूर्वीचा गंभीर प्रस्ताव असा चौकातला विनोद झाला.

मेलेल्या गावांची नावं घेऊन स्वतःचं दुःख मोजायची रीतही इथलीच. इ.स.पू. 45 मध्ये सिसेरोची मुलगी तुल्लिया गेली, तेव्हा त्याच्या मित्रानं, सुल्पिकियुस रुफुसनं, ग्रीसहून पत्र लिहिलं: मागं एजिना, पुढं मेगारा, उजवीकडे पिराइउस, डावीकडे कॉरिंथ, एकेकाळची भरभराटीची गावं आता पडलेली; इथं इतक्या गावांची प्रेतं पडली असताना आपण माणसं कुणी गेलं म्हणून चिडतो. सांत्वन म्हणून हे मला थंडच वाटतं, पण ‘गावांची प्रेतं’ हा शब्दप्रयोग पुढच्यांना झपाटून राहिला. इ.स. 417 मध्ये रुतिलियुस नामातियानुस रोमहून जहाजानं गॉलला निघाला, आणि पोपुलोनियाचे ढिगारे पाहून त्यानंही तेच लिहिलं, गावं मरू शकतात म्हणून.

कवी मात्र चुकतात, आणि ते पकडायला मजा येते. नीरोच्या काळातला ल्यूकन म्हणतो, सगळं लॅटिन नाव दंतकथा होईल, धुळीखालचे ढिगारे गाबिई, वेई आणि कोरा कशीबशी दाखवतील. कोरा आज कोरी या नावानं भरल्या वस्तीचं गाव आहे, हर्क्युलिसच्या देवळाचे खांब गावाच्या माथ्यावर उभे आहेत. व्हर्जिलच्या यादीतलं नोमेंटम घासून घासून मेंताना झालं, तेही नांदतंय. पोमेतियाचं तर मरणोत्तर नामकरण झालं: मुसोलिनीच्या राजवटीनं पोंतीन दलदल कोरडी करून नवी शहरं वसवली, त्यातल्या एकाला, 1938-39 मध्ये, ‘पोमेत्सिया’ नाव दिलं. त्या शहराच्या हद्दीत आज जे प्रातिका दी मारे खेडं येतं, तिथं प्राचीन लाव्हिनियम होतं. तिथं तेरा वेद्यांची रांग आणि कॅस्टर-पॉलक्स या जुळ्या देवांचा लेख सापडला. म्हणजे खऱ्याखुऱ्या लाव्हिनियमच्या माथी दुसऱ्याच गावाचं नाव आहे.

नाव चालतं, गाव चालत नाही, हे कापुआलाही लागू. जुनं कापुआ नवव्या शतकात सारासेनांनी उद्ध्वस्त केलं, माणसं काही किलोमीटरवरच्या कासिलिनुमला जाऊन राहिली आणि सोबत नावही घेऊन गेली. आज ‘कापुआ’ म्हणजे ते कासिलिनुम, आणि मूळ जागेचं नाव सांता मारिया कापुआ व्हेतेरे. रोमशी लढणाऱ्या हॅनिबलची फौज जिथं सुखावली ते कापुआ शोधताना दुसऱ्याच स्टेशनावर उतरण्याची सोय अशी झाली.

मग कुठलं नाव कुठल्या मातीचं, हे ठरतं कसं? कवितेवरून फारसं नाही. जुन्या मार्गदर्शिका आणि प्रवासनकाशे रस्त्याकडेच्या मुक्कामांची अंतरं मैलांत देतात, त्यावर मैलाचे दगड जुळवायचे. उत्खननात गावकऱ्यांचं नाव कोरलेला लेख मिळाला तर वाद मिटतो. आणि कधीकधी ओढ्यानं नाव धरून ठेवलेलं असतं: आर्देआजवळ इन्कास्त्रो नावाच्या ओढ्याच्या मुखाशी देवळं आणि तटबंदी निघाली, तेच व्हर्जिलचं कास्त्रुम इनुई असं खणणाऱ्यांचं मत आहे.

आपल्या किनाऱ्यावर हीच पद्धत लावली की फरक दिसतो. कल्याण आणि सोपारा ही नावं ग्रीक दर्यावर्दी वर्णनात आहेत, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणच्या, सोपाऱ्याच्या दात्यांनी गावासकट आपली नावं कोरून ठेवली आहेत, त्यामुळे तिथं शंकेला जागा नाही. लॅटिनमध्ये प्लिनीनं सहाव्या खंडात अरबस्तानातून थेट सुटणाऱ्या जहाजांसाठी जवळचं आणि सुरक्षित म्हणून एक भारतीय बंदर नोंदवलं आहे, सिगेरुस. काही हस्तलिखितांत झिगेरुस. काही अभ्यासक ते रत्नागिरी जिल्ह्यातलं जयगड मानतात. त्यांची मुख्य भिस्त उच्चाराच्या साम्यावर आहे, आणि इटलीत नाव कसं दुसऱ्याच गावाच्या माथी जाऊन बसतं, ते वर आलंच आहे.